घाटावर आणि घाटाखाली

आपल्या महाविद्यालयात जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी येतात. नव्या वर्गात ओळख करून घेताना पहिला प्रश्न गावाचा असतो, आणि दुसरा 'म्हणजे घाटावरचा की घाटाखालचा?' हा. जातीचा प्रश्नही बहुधा मनात असतो, पण तो मोठ्याने विचारायचा संकोच वाटतो. घाटाचा मात्र बिनदिक्कत विचारला जातो.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा थोडा विचार करायचे योजिले आहे. बुलढाणा जिल्हा नकाशावर एक आहे. त्याचा जिल्हाधिकारी एक, जिल्हा परिषद एक, जनगणनेच्या तक्त्यातील ओळही एकच. परंतु जिल्ह्याचा भूगोल, इतिहास आणि लोकसंख्या यांपैकी काहीही वाचायला घेतले, की मधली ती डोंगराची पायरी आडवी येतेच. ती विसरून काढलेली जिल्ह्याची सरासरी फसवी असते, असे माझे मत झाले आहे. माझे घर चिखली तालुक्यात आणि आजोळ संग्रामपूर तालुक्यात आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे टोमणे मला सारखेच ऐकावे लागतात, आणि या विषयावर लिहिण्याचा तेवढाच माझा अधिकार.

विदर्भाच्या पश्चिम टोकाला असलेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,६६० चौरस किलोमीटर आहे. उत्तरेला सातपुडा व त्यापलीकडे मध्य प्रदेश, पूर्वेला अकोला व वाशीम, दक्षिणेला व नैर्ऋत्येला मराठवाड्याचे जिल्हे आणि पश्चिमेला जळगाव. उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत निघालेल्या माणसाला तीन प्रदेश लागतील. आधी सातपुड्याचा जंगली पायथा, मग पूर्णा नदीचे काळ्या मातीचे सपाट खोरे आणि शेवटी अजिंठ्याच्या डोंगररांगेची चढण चढून पठार. जुन्या मुलकी भाषेत खोऱ्याला पयनघाट व पठाराला बालाघाट म्हणत. आपण अजूनही तेच म्हणतो, फक्त मराठीत.

मलकापूरहून बुलढाण्याला येणारी एस. टी. मोताळ्यानंतर राजूर घाटात शिरते आणि पाऊण तासाच्या प्रवासात दुसऱ्याच हवेत आणून सोडते. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे; बुलढाणा साडेसहाशेच्या. घाटाखाली मे महिन्यात अंग भाजत असताना घाटावर रात्री पांघरूण घ्यावे लागते, असे आमच्याकडचे लोक अभिमानाने सांगतात. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

या डोंगरमाथ्याचे खरे महत्त्व पाण्याच्या दृष्टीने आहे. माथ्याच्या उत्तर उतारावरचे पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांवाटे पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. दक्षिण उतारावरचे पाणी पैनगंगेत व खडकपूर्णेत जाते आणि गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराला पोचते. पैनगंगेचा उगमच मुळी बुलढाणा शहराजवळच्या डोंगरात आहे. म्हणजे एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांची वाट माथ्याच्या अलीकडे-पलीकडे पडल्यामुळे कायमची वेगळी होते. जिल्ह्यात पूर्णा दोन आहेत हेही इथे सांगावयास हवे. घाटाखालची तापीची उपनदी आणि घाटावरची खडकपूर्णा यांची गल्लत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दरवर्षी होते, असे आमचे भूगोलाचे सर सांगतात.

घाटावर जमीन मध्यम ते हलकी, खाली काळा पाषाण. विहीर खणायची तर सुरुंग लावावे लागतात, पण लागलेले पाणी गोड असते. घाटाखाली उलटे आहे. पूर्णेच्या दोन्ही काठांना गाळाची खोल काळी माती आहे, परंतु तिच्या पोटातले पाणी खारट. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला खारपाण पट्टा म्हणतात. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. एके काळी या पट्ट्यातील विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार होत असे. १९३० साली वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह करायचा ठरला तेव्हा समुद्र नसूनही अडचण आली नाही. अकोला जिल्ह्यातील दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरीच कामी आल्या.

सत्याग्रहाला उपयोगी पडलेले हे पाणी संसाराला मात्र जड जाते. माझी आजी पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी पिंपात धरून ठेवी आणि ते फक्त डाळीसाठी वापरी, कारण विहिरीच्या पाण्यात डाळ शिजतच नसे. आई लग्न होऊन घाटावर आली तेव्हा पहिल्या दिवशी वरण इतके लवकर शिजले की तिला त्यात कोणीतरी सोडा घातल्यासारखे वाटले, ही गोष्ट आमच्या घरी अजून सांगतात. हसण्यावारी नेण्यासारख्या या गोष्टींच्या पाठीमागे गंभीर बाब आहे. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे आणि संशयाचे बोट या क्षारयुक्त पाण्याकडेच वळते. संशयाची ही सवय इतकी पक्की आहे की जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हाही पहिला दोष पाण्यालाच दिला गेला. पुढे तज्ज्ञांचे लक्ष गव्हातील सेलेनियमकडे गेले.

आता इतिहासाकडे वळू. घाट म्हटला की वाट आली, आणि वाट म्हटली की सैन्य आले. खानदेशातून वऱ्हाडच्या पठारावर चढायचे तर रोहिणखेडच्या बाजूने चढावे लागे. मोताळा तालुक्यातील हे आजचे साधे गाव दोन मोठ्या लढायांचे साक्षीदार आहे. १४३७ साली खानदेशच्या नसीरखानाचा बहमनी सैन्याने इथे पराभव केला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशहा व जमालखान यांची लढाई इथेच झाली. दोन्ही वेळी राज्ये दुसऱ्यांची होती, घाट मात्र आमचा.

घाटावरचे साखरखेर्डा याहून मोठ्या घटनेचे धनी आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाला इथे ठार केले आणि दिल्लीचे नाव कायम ठेवून दक्षिणेत स्वतःचे राज्य उभे केले. हैदराबादच्या निजामशाहीचा उगम सिंदखेडराजा तालुक्यातील या गावाच्या शिवारात आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असेल? विजयानंतर गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवण्यात आले. ते कागदावर राहिले आणि लोकांनी साखर सोडली नाही.

सिंदखेडराजाविषयी निराळे सांगण्याची गरज नाही. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस मानला जातो आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे लोटणारा जनसमुदाय सर्वांनी पाहिला आहे. लखुजीराव जाधवांचा १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने घात केला. सिंदखेडची त्यांची समाधी इतकी भव्य आहे की दुरून ती एखाद्या राजवाड्यासारखी दिसते. याच जाधव घराण्याच्या मुलखात, देऊळगावराजा तालुक्यातील मेहुणाराजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान मानतात. लोणारचे सरोवरही घाटावरचेच. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पूर्वी पन्नास-बावन्न हजार वर्षांचा समजला जाई. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचा ठरवला. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. लोणारवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. इथे एवढे पुरे.

या यादीवरून वैभव सगळे घाटावरच होते असा ग्रह व्हायचा. तो खरा नाही. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन नावाचे गाव आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात डेक्कन कॉलेजच्या वतीने भास्कर देवतारे यांनी तेथे उत्खनन केले. त्यात विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी सापडल्या. हा काळ मौर्य-सातवाहनांचा, म्हणजे दोन हजार वर्षांपलीकडचा. ज्या पट्ट्यात आज टँकरची वाट पाहावी लागते तेथे तेव्हा नगर होते आणि त्याला विहिरी होत्या. भोनकडे मी लेखाच्या शेवटी पुन्हा येणार आहे.

मग इतकी भिन्न अंगे असलेले हे दोन प्रदेश एका जिल्ह्यात आले कसे? याचे उत्तर काहीसे निराश करणारे आहे : कारभाराच्या सोयीने. हैदराबादच्या तैनाती फौजेच्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६४ मध्ये मेहकर हा वेगळा जिल्हा केला गेला आणि १८६७ पासून त्याचे ठाणे बुलढाण्यास आले. बुलढाण्याची निवड हवेमुळे झाली असावी असे मानावयास जागा आहे. साहेबाला उन्हाळा सोसत नसे आणि भिल्लांचे ठाणे म्हणून ओळखले जाणारे हे माथ्यावरचे लहान गाव थंड होते. (भिल्लठाण्यावरून बुलढाणा झाले म्हणतात. ते 'बुलडाणा' लिहावे की 'बुलढाणा', याविषयी आजही एकाच रस्त्यावरच्या दोन पाट्यांचे एकमत नाही.) तेव्हा जिल्ह्यात चिखली, मेहकर व मलकापूर असे तीनच तालुके होते. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली आणि अकोल्यातून खामगाव व जळगाव हे तालुके तोडून इकडे जोडण्यात आले. घाटाखालचे पारडे जड झाले ते या एका हुकुमाने. आज तेरा तालुक्यांपैकी मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे सात घाटाखालचे आणि बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा हे सहा घाटावरचे धरतात. मोताळा आणि खामगाव यांचे पाय खाली व डोके डोंगरात आहे, पण बोलण्यात ते खालीच.

याच सुमारास रेल्वे आली आणि तिनेही खालचीच वाट धरली. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गाला सपाट जमीन हवी होती आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालू असताना तेथील कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशने झाली. खामगावचा कापूसबाजार एवढा मोठा होता की त्याच्यासाठी जलंबहून आठ मैलांचा खास फाटा टाकला गेला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. त्या पैशातून पेढ्या आल्या, जिनिंग-प्रेसिंग आले, चांदीचा व्यापार आला. जिल्ह्याचे सर्वांत मोठे शहर आजही खामगाव आहे. ठाणे वर आणि पैसा खाली अशी ही वाटणी तेव्हापासूनची. खामगाव हा वेगळा जिल्हा व्हावा, ही अधूनमधून उठणारी मागणी या वाटणीतूनच निघते.

घाटावर रेल्वे आलीच नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आमच्या घरी आजोबा, वडील आणि मी अशा तीन पिढ्यांनी निवडणुकीच्या भाषणांत तिची घोषणा ऐकली आहे. या उपेक्षेची थोडी भरपाई झाली ती समृद्धी महामार्गाने. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, आणि दूरच्या शहरांना जोडणारा एवढा मोठा मार्ग प्रथमच मेहकर-सिंदखेडराजाच्या पठारावरून गेला. मात्र जो थांबत नाही त्या रस्त्याचा गावाला उपयोग किती, याचा हिशेब अजून व्हायचा आहे.

लोकसंख्येचे आकडे मी मुद्दाम मागे ठेवले होते, कारण वरची पार्श्वभूमी नसली तर ते मुके राहतात. १८९१ ते १९०१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी दहा टक्क्यांहून अधिक घटली. १८९६-९७ व १८९९-१९०० चे दोन दुष्काळ या एका वाक्यात दडलेले आहेत. पुढे वाढ होत गेली. १९९१ मध्ये १८,८६,२९९, २००१ मध्ये २२,३२,४८० आणि २०११ मध्ये २५,८६,२५८. दर चौरस किलोमीटरला २६८ माणसे. शहरांत राहणारे जेमतेम पंचमांश. म्हणजे जिल्हा आजही खेड्यांचाच आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही व पुढची २०२७ ची जाहीर झाली आहे, त्यामुळे आपण सारे अभ्यासक तूर्त २०११ च्या आकड्यांवरच दिवस काढतो.

या सव्वीस लाखांत कोण कोण आहेत? बौद्ध आणि मुसलमान या दोन्ही समाजांचे प्रमाण प्रत्येकी आठात एकाहून थोडे अधिक आहे. घाटावर बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बोलीचे म्हणाल तर घाटाखालची वऱ्हाडी 'काऊन' म्हणत ठसक्यात बोलते. सिंदखेडराजा, देऊळगावराजाकडे येईतो ती मराठवाड्याच्या बोलीत विरघळू लागते, कारण तिकडचा बाजार जालन्याचा आहे. मलकापूरचा ओढा भुसावळ-जळगावकडे. लोकसभेसाठीसुद्धा मलकापूर मतदारसंघ २००८ च्या फेररचनेपासून रावेरला जोडला आहे.

पण मला सर्वांत विलक्षण वाटतात ते सातपुड्याच्या पायथ्याचे निहाल. जळगाव जामोद तालुक्यात जामोद, सोनबर्डी या परिसरात त्यांची वस्ती आहे. त्यांची निहाली भाषा ना आर्य कुळातली, ना द्राविडी, ना शेजारच्या कोरकूंच्या मुंडा कुळातली. जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही. बोलणारे उरले आहेत फक्त दोन-अडीच हजार. आपण भाषाशास्त्राच्या तासाला एकाकी भाषेचे उदाहरण म्हणून स्पेनकडच्या बास्क भाषेचे नाव पाठ करतो, आणि तसेच दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातल्या आठवडी बाजारात मोळी विकायला येऊन बसलेले असते. निहाली बोलणारी मुले शाळेत मराठी शिकतात, बाजारात मराठी-हिंदी बोलतात. जिल्ह्याच्या सरासरीत दोन-अडीच हजार म्हणजे दशांश चिन्हानंतरचा आकडा.

सरासरी दुसऱ्या बाजूनेही फसवते. २०११ मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९३४ स्त्रिया होत्या. ऐकायला फारसे वाईट वाटत नाही. पण सहा वर्षांखालील मुलांत पाहिले तर हजार मुलग्यांमागे मुली साडेआठशेच्या आसपास, म्हणजे राज्यातल्या सर्वांत खालच्या जिल्ह्यांच्या रांगेत. आपण जिल्ह्याला 'मातृतीर्थ' म्हणतो आणि कमानींवर तसे लिहितोही. या एका बाबतीत मात्र घाटाचा दोष नाही.

शेतीत घाटावरचे व खालचे अंतर अलीकडे थोडे कमी झाले आहे. ज्वारी मागे पडून दोन्हीकडे सोयाबीन आले. कर्ज, नापिकी आणि आत्महत्याही दोन्हीकडे आल्या. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज मिळालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते. मातीची चार ढेकळे म्हणजे पावसाचे चार महिने, भोवती धान्यांची मांडणी. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून वर्षाचे भाकीत करतात. त्याला शास्त्राचा आधार नाही. तरी त्या दिवशी घाटावरून ट्रॅक्टर भरून लोक खाली उतरतात, यावरून पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्याची स्थिती कळते.

तेव्हा प्रश्न पुन्हा पाण्याचा. घाटावर पेनटाकळी व खडकपूर्णा ही धरणे झाली, घाटाखाली नळगंगेचे आहे. विदर्भाच्या पूर्व टोकाचे वैनगंगेचे पाणी नळगंगेपर्यंत आणण्याच्या योजनेला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्याआधीचा, नांदुरा तालुक्यात पूर्णेवर बांधला जाणारा जिगाव प्रकल्प तीन दशके रखडत चालला आहे. खारपाण पट्ट्याला गोडे पाणी देणारा म्हणून त्याच्याकडे सारे डोळे लावून बसले आहेत, आणि ज्या भोनचा उल्लेख वर आला तेथील स्तूपाची जागा याच धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते.

या दोहोंत काय निवडावे, हे घाटावर बसून सांगणे मला सोपे होते. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेलो तेव्हा मामांपुढे विषय काढला. ते म्हणाले, "स्तूप तेवढा मोलाचा आहे तर उचलून उंचावर न्या. नागार्जुनकोंड्याला नेलंच की नाही?" नागार्जुनसागर धरणाच्या वेळी आंध्रात तसे झाले होते हे मला माहीत होते, मामांना माहीत असेल असे वाटले नव्हते. मग ते मूळ गोष्टीवर आले. त्यांच्या शेताची काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. अशा जमिनीत निचऱ्याचे चर न काढता पाणी सोडले तर खालचे क्षार वर येतात आणि पांढरी पूड साचून दहा-पंधरा वर्षांत शेत पडीक होते. घाटावरच्या हिशेबाने पाणी वाटले तर त्यांचे नुकसानच होईल. धरणाच्या भिंतीइतकी चर्चा या चरांची झालेली त्यांनी अजून एकाही सभेत ऐकलेली नाही.